राबाचे नाव न घेतलेला अर्ज

प्रथम दिवस आणि त्या दिवसांस जबाबदार असलेल्या व्यक्ती नोंदवतो. नावे लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

गेल्या वर्षी होळीनंतरचा पहिला बाजार, खोडाळा. या दिवशी एका बाईचा वनहक्काचा दावा लिहिला गेला. जबाबदार: दावा लिहिणारा, म्हणजे मी.

त्याच वर्षी वैशाखातला एक मंगळवार, बाईच्या प्लॉटवर, उन्हे चढल्यावर. पडताळणी आणि पंचनामा. जबाबदार: पंचनामा लिहिणारे कर्मचारी. आपण काय पाहत आहोत हे त्यांना कळले होते आणि ते त्यांनी कागदावर येऊ दिले नाही.

श्रावणातला शेवटचा शुक्रवार. दावा अमान्य. जबाबदार: स्वाक्षरी करणारे अधिकारी, ज्यांनी त्या प्लॉटचा उतार आजवर पाहिलेला नाही.

दिवाळीनंतरची ग्रामसभा. जबाबदार: पुन्हा मी, आणि या दिवशी दुसरा कोणीही नाही.

यंदाच्या संक्रांतीनंतरचा बुधवार. माझे शपथपत्र परत आले. जबाबदार: तेच अधिकारी, तीच स्वाक्षरी.

मी जव्हारला राहतो. चाळीस वर्षांहून अधिक काळ अर्ज लिहीत आलो आहे. आधी जव्हारच्या कचेरीबाहेर टेबल टाकून, आणि गुडघे कुरकुरू लागल्यापासून फक्त बाजाराच्या दिवशी खोडाळ्याला, सुक्या मासळीच्या ओळीशेजारी एका पत्र्याच्या शेडखाली. लोक मला वकीलबाबा म्हणतात. मी वकील नाही, हे मी प्रत्येकाला एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगत नाही, कारण ते संबोधन मला आवडते. ही कबुलीही आजच प्रथम देत आहे. या काळात मी अधिकाऱ्यांना, सभापतींना, संपादकांना जी पत्रे लिहिली ती दोन पत्र्याच्या पेट्यांत भरून आहेत. त्यांतल्या एकाही पत्रात जबाबदार व्यक्तींच्या यादीत मी स्वतः नव्हतो.

होळीनंतरच्या त्या बाजारी ती बाई आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते आणि लुगड्याला पाल्याचा वास होता. वय चाळिशीचे. नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेला. सासूच्या आधीपासून त्यांच्या घरात असलेला एक उताराचा प्लॉट, त्यावर एक वर्ष नागली, म्हणजे नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई. त्या जमिनीचा कागद त्यांच्याकडे कधीच नव्हता. ग्रामसभेने तिचे नाव दाव्यांच्या यादीत घेतले होते आणि आता दावा नीट लिहून हवा होता.

ती खाली बसली आणि कोणतीही प्रस्तावना न करता सांगू लागली.

"लिहा बाबा. सासू राब भाजायची, मी पन भाजते. जागा तीच, ऐन तेच. टहाळ तोडून आतांच आलीं."

मी लेखणी खाली ठेवली. "राबाचं नाव काढायचं नाही."

"का?"

"ऐनाचा टहाळ तोडला, जंगलात आग लावली, हे तू स्वतःच्या तोंडानं सांगणार? गुन्ह्याचा कबुलीजबाब देणार? शेती करतो, एवढंच म्हणायचं."

"राबाबिगर नागली कशी होल?"

"ते मला ठाऊक आहे. साहेबाला सांगायची गरज नाही."

"मंग साहेबाला काय सांगू, नागली आभालातून पडते?"

मासळीवाल्या बाया हसल्या. मला ते आवडले नाही. मी आवाज चढवून तिला तीन वेळा बजावले: कोणीही आले, काहीही विचारले, काही भाजलेले दिसले आणि त्याबद्दल विचारले तर 'मला माहीत नाही' म्हणायचे. तिने ते माझ्यासमोर म्हणून दाखवले. पाढे म्हणवून घ्यावेत तसे मी तिच्याकडून म्हणवून घेतले.

ज्या वाचकांनी आमच्याकडची शेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो. हिवाळा सरता सरता ऐनाच्या फांद्या, म्हणजे टहाळ, छाटून उन्हाळ्यात त्यांचा पाला, काटक्या, शेण असा थर जमिनीच्या एका तुकड्यावर रचतात, वर माती पसरतात आणि तो पेटवतात. हा राब. पावसाला सुरुवात झाली की त्या भाजलेल्या जागेत बी पेरतात, आणि रोपे वीतभर झाली की उपटून उतारावर लावतात. जागा वर्षानुवर्षे तीच असते, झाडेही तीच असतात. दरवर्षी छाटल्यामुळे ऐनाच्या खोडावर गाठींवर गाठी येतात आणि झाड कधी फांद्यांनी पसरत नाही. ज्याला वाचता येते त्याला त्या गाठींवरून किती पिढ्यांनी हे झाड छाटले ते कळते. त्या बाईच्या जमिनीवर तिच्या घराण्याचा दुसरा कोणताही दस्तऐवज नव्हता. तो दस्तऐवज मी दाव्यातून वगळला. कायद्याचा जाणकार म्हणून वगळला.

असे का केले, याचे उत्तर मला बरेच मागे जाऊन द्यावे लागते. मी टेबल टाकले त्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी मोखाड्याकडचा एक म्हातारा माझ्याकडे आला होता. टहाळ तोडताना पकडला गेला होता. मी तरुण होतो आणि सत्यावर माझा विश्वास होता. त्याने सांगितले ते सर्व मी शब्दशः लिहिले: होय, फांद्या मी तोडल्या, राबासाठी तोडल्या, माझा बापही तोडत असे. त्याच निवेदनाच्या आधारे त्याला दोषी धरले गेले. त्याचा कोयता जप्त झाला. कोर्टातून बाहेर आल्यावर तो मला एवढेच म्हणाला, "तू बरोबर लिवलास रं." त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते मला विसरता आले नाही. त्या दिवसापासून मी कोणाच्याही अर्जात राब, टहाळ, आग हे शब्द येऊ दिले नाहीत. लोकांनी सांगावे, मी गाळावे. पुष्कळ जण त्यामुळे वाचलेही. हे मी बढाईने नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नोंदवतो.

पुढे कायदा बदलला. ज्या कसण्याला पूर्वी अतिक्रमण म्हणत त्यालाच नवा कायदा हक्क म्हणू लागला. मी तो कायदा विकत आणला, त्याचे नियम पाठ केले, ग्रामसभांत कलमे म्हणून दाखवली. जमिनीवरच्या खुणा पुरावा ठरतात, गावातल्या वृद्धांचा जबाब पुरावा ठरतो, हे मी दुसऱ्यांना शिकवले. आणि बाजारात माझ्यासमोर एक बाई तोच पुरावा हातांवर घेऊन बसली तेव्हा मी तिला गप्प केले. नवा कायदा माझ्या जिभेवर होता. भीती मात्र जुन्याच कायद्याची होती, आणि अर्ज त्या भीतीने लिहिला.

दावा अमान्य झाल्याचा कागद आला तेव्हा मला संताप आला, आणि खरे सांगायचे तर आनंदही झाला. अन्याय कागदावर मिळाला की माझ्या अंगात बळ येते. पंचनाम्याची प्रत मागवली. त्यात लिहिले होते: जागेवर जळाल्याच्या खुणा आढळल्या; त्याबाबत दावेदारास विचारले असता माहिती नसल्याचे सांगितले; दावेदाराने प्रत्यक्ष शेती केल्याचे दिसून येत नाही.

मी त्याच दिवशी पत्र लिहिले. 'सदर पंचनामा हा कार्यालयात बसून रचलेला असून, सदर कर्मचाऱ्याने दावेदाराच्या तोंडी खोटे विधान घातले आहे.' मग दुसरे पत्र, मग तिसरे. त्या कर्मचाऱ्याची चौकशी करावी, त्यास निलंबित करावे, अशी मागणी केली. प्रती सर्वांना. पोस्टातून परतताना मला भूक चांगली लागत असे.

बायकोने एकदा विचारले, "अहो, ती बाई काय म्हणाली, हे तिला विचारलंत का?"

"पंचनामा खोटा आहे हे उघड दिसतं. तिला काय विचारायचं?"

"तिचीच जमीन आहे म्हणून म्हटलं," ती म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली.

मी विचारले नाही. ही नोंद वरच्या यादीत यायला हवी होती; दिवस आठवत नाही म्हणून राहिली.

भाद्रपदातल्या एका बाजारी, मी चहा पीत असताना, एक मध्यमवयीन गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. खांद्याला कार्यालयाची पिशवी, पायांत चिखलाचे बूट. म्हणाले, "मीच तो. ज्याला तुम्ही खोटारडा लिहिलंय."

मी त्यांना बसा म्हटले नाही. ते स्वतःच बसले.

"मला कारणे दाखवा नोटीस आलीय. येऊ दे. पण एक सांगतो, मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तर मीच म्हणालो, बाई, हा राब आहे, तुझाच ना? तर ती म्हणते, मला माहीत नाही. डोळे वर करीत नव्हती. पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणत होती. मी काय लिहू? तुम्हीच सांगा, तुम्ही एवढे कायदेवाले."

मी म्हणालो, "राब आहे हे तुम्हाला कळलं होतं?"

"मी मुरबाडचा आहे. राब कळणार नाही?"

"मग 'जळाल्याच्या खुणा' असं का लिहिलंत? राब का लिहिला नाहीत?"

त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाले, "बाई नाही म्हणते आणि मी होय लिहू? उद्या कोणी विचारलं तर?" आणि उठताना, "सगळ्यांनाच नोकरी आहे, काका. तुमच्यासारखं रिकामं कोणी नसतं."

त्यांचा दोष मी कमी करीत नाही. परंतु 'पाठ केलेलं म्हणावं तसं' हे चार शब्द ऐकल्यावर हातातला चहा मी तसाच टाकला.

दुसऱ्या दिवशी जीपने खोडाळ्यापर्यंत आणि तिथून पायी तिच्या पाड्यावर गेलो. गुडघ्यांनी दोनदा बसवले. बाई नागलीत तण काढत होती. मला पाहून तिने विळा कमरेला खोचला.

"वकीलबाबा, एवढ्या लांब? कागूद आला काय?"

मी विचारले, "साहेबानं राबाचं विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस?"

"तुमी सांगलात तसाच सांगला. मला माहीत नाय."

"तीनदा?"

"तीनदा. तिसऱ्यांदा लय वाईट वाटला. तो मानूस बरा होता, तोच सांगत होता तुझाच राब हाये म्हनून. पन तुमी बोललाव ना, कायबी इचारला तरी. मी बोलली, बाबाला कायदा माहीत, मला काय माहीत."

"मला सांगितलं का नाहीस, दावा गेल्यावर?"

तिने माझ्याकडे नवलाने पाहिले. "तुमीच शिकवलाव, मंग तुमाला कशाला सांगू? मला वाटला, असाच करत्यात. कोर्टात."

तिने मला राबाची जागा दाखवली. काळी माती, रोपे उपटून नेलेली, कडेला ऐनाची सहा झाडे. गाठी मी बोटांनी चाचपल्या. सासूने छाटलेल्या कोणत्या आणि हिने छाटलेल्या कोणत्या, हे ती मला दाखवत होती, जसे कोणी भिंतीवर टांगलेले फोटो दाखवावेत. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आले असते. रागाला उत्तर देण्यात माझे आयुष्य गेले आहे.

मी तिला म्हणालो, "चूक माझी आहे. ग्रामसभेत सर्वांसमोर सांगेन. गावाने पुन्हा ठराव करावा, वृद्धांचे जबाब घ्यावेत, राबाची नोंद घ्यावी."

"सांगा," ती म्हणाली. "पन सादा सांगा. तुमचा बोलना लोकांना लय लांब व्हतो."

दिवाळीनंतरची ग्रामसभा समाजमंदिरात भरली. वीटभट्ट्यांवर निघण्याआधीची, म्हणून माणसे पुष्कळ होती. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या. त्या ओळी अशा: दावा मी लिहिला. राबाचा उल्लेख मी गाळला. बाईला खोटे बोलायला मी शिकवले. दोष तिचा नाही.

मला बोलायला उभे केले. मी कागद उघडला आणि घसा खाकरून 'सन्माननीय ग्रामसभा' असा प्रारंभ केला. त्यानंतर काय झाले ते मी आजही नीट समजावून सांगू शकत नाही. मी कायद्याच्या उद्देशापासून सुरुवात केली. तिथून नियमांवर गेलो. तिथून कार्यालयांच्या बेपर्वाईवर, पंचनाम्यांच्या दर्जावर, दावे महिनोन्महिने पडून राहण्यावर. लोक टाळ्या वाजवू लागले. टाळ्या वाजल्या की मला पुढचे वाक्य आपोआप सुचते. मी त्या कर्मचाऱ्याला, जो मला खरे सांगून गेला होता, पुन्हा एकदा, भर सभेत, खोटारडा म्हटले. हातातला कागद तेवढा वेळ हातातच होता.

मी थांबलो तेव्हा मागच्या बाजूने ती बाई उठली.

"बाबा, तुमचा झाला काय?"

"झालं."

"मंग हातातला कागूद वाचा ना."

काही जण हसले. त्यांना वाटले ती चेष्टा करते आहे. सरपंच म्हणाले, "वाचा हो वकीलबाबा, अजून काही राहिलं असेल तर." मी त्या कागदाकडे पाहिले, म्हणालो, "यातलं सर्व बोलण्यात आलंच आहे," आणि घडी घालून खिशात ठेवला. ती आणखी क्षणभर उभी राहिली. मग खाली बसली. त्या दिवशी ठराव झाला नाही. पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता.

जव्हारच्या कचेरीबाहेरचे टेबल मी उचलले तेव्हा मला निरोप द्यायला माझ्या सेवानिवृत्त परिचितांनी कार्यक्रम केला होता, त्यात एका वक्त्याने सांगितले की माणूस कोणत्याही वयात बदलू शकतो, फक्त इच्छा हवी. त्या वक्त्याला मी आज विचारू इच्छितो: इच्छा मला होती, चार ओळी लिहिलेल्या होत्या, वाचता येत होते, मग काय कमी पडले? माझ्या मते उत्तर असे आहे की बदलायचे म्हणजे आजवर ज्या माणसाला लोक वकीलबाबा म्हणत आले त्याला सर्वांसमोर खाली बसवायचे, आणि तो माणूस सहजासहजी खाली बसत नाही. तो बोलत राहतो. त्याला टाळ्या मिळतात. दुसऱ्याला 'तुम्ही बदला' असे पत्र पाठवण्याला फक्त तिकीट लागते.

घरी आल्यावर बायकोने चेहरा पाहिला. "सांगितलंत?"

"नाही."

तिने ताट वाढायला घेतले. मग म्हणाली, "तुमच्या रागाला मी कधी घाबरले नाही. पण आज मला तुमची लाज वाटली. जेवायला बसा."

मी त्याच आठवड्यात शपथपत्र केले. त्यात एकही विशेषण नाही. माझ्या हातून लिहिलेला तो पहिलाच असा कागद असावा. दावा मी लिहिला. राबाचा उल्लेख मी हेतुपुरस्सर गाळला. दावेदारास 'माहीत नाही' असे सांगण्यास मी शिकवले. पंचनामा करणाऱ्या कर्मचाऱ्यावर मी केलेला खोटेपणाचा आरोप मी मागे घेतो. मात्र त्यांनी राब ओळखूनही नोंदला नाही, हेही तितकेच खरे. त्यानंतरच्या ग्रामसभेत, मार्गशीर्षात, मी ते वाचून दाखवले. या वेळी 'सन्माननीय' म्हटले नाही. टाळ्या वाजल्या नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "मंग आमचे पन अर्ज असेच लिवले काय रे?" मी म्हणालो, "होय, काही." त्यानंतर शेडखाली माझ्याकडे अर्ज लिहायला येणारे कमी झाले आहेत. ते योग्यच आहे. तक्रार करीत नाही, तरी ते मला बोचते.

ग्रामसभेने ठराव केला, दोन वृद्धांचे जबाब घेतले, सहा ऐनांची नोंद घेतली. माझे शपथपत्र त्याला जोडून फेरविचारासाठी पाठवले. संक्रांतीनंतरच्या बुधवारी माझे शपथपत्र तेवढे परत आले. त्यावर शेरा असा: 'अर्ज लिहिणारी व्यक्ती प्रकरणात पक्षकार नसल्याने सदर कागद विचारात घेता येत नाही. दावेदाराचे मूळ विधान अभिलेखावर आहे.'

आता माघ सरत आला आहे. टहाळ तोडायचे दिवस हेच. बाईने मला निरोप पाठवला: राब लावू का नको? लावला आणि दावा अमान्यच राहिला, तर तो गुन्हा ठरेल. नाही लावला, तर पावसाळ्यात रोप नाही, आणि पुढच्या पडताळणीला कोणी येईल तेव्हा खरोखरच लिहील की इथे कोणी शेती करीत नाही. मी तिला कायद्यातले एक कलम सांगू शकलो असतो, ज्यानुसार दाव्याची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत तिला हटवता येत नाही. परंतु मी सांगतो त्यावर विश्वास ठेवून तिचे काय झाले हे आपण पाहिले आहे. मी तिला निरोप दिला की उत्तर मी देणार नाही. ज्याने द्यायचे त्याच्याकडून आणीन.

म्हणून हे पत्र, आणि हे बंद पाकिटात पाठवत नाही.

त्या शेऱ्याखाली स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्यांना माझा प्रश्न आहे. बाईचे 'माहीत नाही' हे विधान आपण पुरावा मानलेत. ते विधान तिच्या तोंडी मी घातले, हे मी शपथेवर, दोन साक्षीदारांसमक्ष सांगत आहे. खोटे विधान ग्राह्य आणि ते खोटे असल्याची कबुली अग्राह्य, हे आपण कोणत्या नियमाच्या आधारे ठरवलेत? मी पक्षकार नाही असे आपण म्हणता. मला आरोपी करा, ते चालेल. पण माझे ऐकल्याशिवाय तिला दोषी धरू नका. होळीच्या आधी त्या गावची ग्रामसभा आहे. तिथे मी उभा राहीन, मला विचारायचे ते सर्वांसमोर विचारा. आणि आपले उत्तर टपालाने, शेऱ्याने किंवा शिपायाच्या हाती पाठवू नका. स्वतः या, ते सहा ऐन पाहा, आणि त्या बाईने राब लावावा की लावू नये याचे उत्तर तिच्या समोर, ग्रामसभेत, मोठ्याने द्या.